अगदी घरच्यासारखं

मुलांनो, एका जंगलात पूर्वी म्हातारपण नव्हतं. वाघ होता.

म्हणजे असं, की सांबराचे गुडघे दुखायला लागले किंवा भेकराला नीट ऐकू येईनासं झालं, की वाघ येऊन चौकशी करून जात असे. त्यानंतर त्या सांबराचे गुडघे दुखत नसत. घरच्या मंडळींना थोडे दिवस वाईट वाटे आणि मग ती पुन्हा चरायला लागत. कुणाची आबाळ होत नसे, कुणाला रजा काढावी लागत नसे.

पुढे वाघाला प्रतिष्ठा आली. लांबलांबून लोक त्याला बघायला यायला लागले. रस्त्याच्या कडेला बसायचं, जांभई द्यायची, फोटो काढून घ्यायचे, यातच त्याचा दिवस जाऊ लागला. म्हाताऱ्या जनावरांकडे लक्ष द्यायला त्याला सवडच होईना. त्यामुळे जंगलातलं आयुर्मान वाढलं. सगळ्यांना आनंद झाला. सभा झाली, भाषणं झाली, आणि मग प्रत्येकाच्या घरात कोपऱ्यात एकेक म्हातारं जनावर दिसायला लागलं.

चुळबुळ करू नका. गोष्ट आता सुरू होते आहे. मागच्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या बाळांनो, तुम्हीही नीट बसा.

तर त्या जंगलात एक अस्वल राहत होतं. त्याचं नाव केशव. त्याची गुहा पूर्वाभिमुख होती, हे तो ओळख करून देतानाच सांगून टाकायचा. गुहेत तो, त्याची बायको कुसुम, त्यांची पिल्लं आणि त्याची आई म्हाळसाबाई असे सगळे राहत होते. एक बहीण होती, मंजुळा. ती लग्न होऊन नदीपलीकडे गेलेली.

म्हाळसाबाई एके काळी मोठी जबर बाई होती. वाऱ्याच्या नुसत्या एका झुळकेवरून पोळं कुठल्या झाडावर आहे ते सांगायची. आता मागचे पाय गेले होते. उठवलं तर उठायची, बसवलं तर बसायची.

केशवचं आईवर फार प्रेम होतं. इतकं, की तिची ती अवस्था त्याला बघवत नसे. म्हणून तो बघत नसे.

एक दिवस कुसुम म्हणाली, की आईंचं वय झालं, त्यांच्याकडे चोवीस तास कुणीतरी बघायला हवं आणि इथं बघायला आहे कोण. हे ती म्हणाली तेव्हा घरातले सगळे बोरं खात रिकामे बसले होते. पण मुद्दा बरोबर होता. कुणी बघत नव्हतंच. केशवनं सुस्कारा सोडला आणि चौकशीला निघाला.

जंगलाच्या पलीकडच्या टोकाला एका जुन्या उंबराच्या बुंध्यात ‘मायेची ढोली’ नावाचा ज्येष्ठ प्राणी निवास नुकताच निघाला होता. तो एक भारद्वाज चालवत असे. त्याला सगळे भारद्वाज सर म्हणत.

भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. खिडकीतून दिसला की तुमच्या घरातही कुणीतरी हात जोडतंच. जंगलातही तीच समजूत होती. त्यामुळे भारद्वाज सरांना फार काही करावंच लागत नसे. ते आपले तांबूस पंख नीट मिटून दाराशी बसत. भेटायला आलेली मंडळी त्यांना बघत, हात जोडत, आज दर्शन झालं म्हणून खूश होत आणि आत न जाता परत फिरत. एवढा चांगला शकुन झाल्यावर आत जाऊन भलतंच काही बघायचं कशाला, असा त्यांचा विचार असे.

केशवनं हात जोडून विचारलं, की इथं काळजी कशी घेतली जाते.

भारद्वाज सर आपल्या घुमणाऱ्या आवाजात म्हणाले, “अगदी घरच्यासारखी.”

केशवचे डोळे भरून आले. मग सरांनी मातोश्रींच्या घरातल्या सवयी बारकाईनं विचारून घेतल्या. त्या कुठं झोपतात, काय खातात, कधी खातात, त्यांच्याशी कोण बोलतं. केशवला ही चौकशी फार आवडली. आजकाल इतकं कोण विचारतं, असं त्यानं घरी आल्यावर कुसुमला सांगितलं.

आईला सोडायला तो स्वतः गेला. थोडेच दिवस, पाय बरे होईपर्यंत, असं तिला सांगितलं. पाय बरे होणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. म्हाळसाबाई म्हणाली, “माझं काही नाही रे. तू उन्हाचा जाऊ नकोस, जरा थांबून जा.” केशव थांबला नाही. त्याला निरोप घ्यायला जमत नसे, हळवा होता तो.

ढोलीची एक व्यवस्था मात्र मानण्यासारखी होती. रोज सकाळी ढोलीतला राघू घरोघर जायचा आणि सांगायचा, “सुप्रभात. आई मजेत.” वडील असतील तिथं “बाबा मजेत.” केशव त्याला पेरू द्यायचा आणि दिवसभर हलका होऊन फिरायचा. साळिंदराकडेही राघू रोज जाई. साळिंदराची आई कधीच वारली होती, पण राघूला कुणी तसं सांगितलं नव्हतं. साळिंदरानंही सांगितलं नाही. सकाळी सकाळी चांगलं काही कानावर पडतंय तर पडू दे, असं त्याला वाटे.

मोहाची फुलं गळायला लागली तेव्हा मंजुळा माहेरी आली. सागाच्या पानात गुंडाळून आईसाठी पोळ्याचा एक तुकडा आणला होता. गुहेत शिरताच तिनं आई कुठं आहे म्हणून विचारलं. केशवनं सगळं सांगितलं. आई अगदी मजेत आहे, रोज निरोप येतो, असंही सांगितलं.

“तू जाऊन आलास?” मंजुळेनं विचारलं.

“आलो ना. भारद्वाज दिसला,” केशव म्हणाला.

मंजुळा तशीच पाय न धुता ढोलीकडे निघाली. दाराशी भारद्वाज सर बसलेलेच होते. त्यांनी मान तिरकी करून तांबड्या डोळ्यांनी दर्शन दिलं. मंजुळेनं हात जोडले नाहीत. सर म्हणाले, की मातोश्री आत्ताच झोपल्या आहेत, आपण पुन्हा कधीतरी या, दर्शन तर झालंच आहे. मंजुळा म्हणाली, की ती नदीपलीकडची, तिकडे भारद्वाजाला नुसता पक्षी म्हणतात. आणि ती आत गेली.

आत अंधार होता आणि वास येत होता. दोन्ही बाजूंना म्हातारी जनावरं पडून होती. काही झोपली होती, काही झोपल्यासारखी होती. एक आंधळं भेकर येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या मुलाचं नाव घेऊन हाक मारत होतं. पाण्याचा भोपळा दारापाशी होता. देखभालीला एक घोरपड नेमलेली होती. घोरपडबाई कामाला चिकट म्हणून प्रसिद्ध होत्या. एकदा भिंतीला चिकटल्या की हलत नसत.

म्हाळसाबाई अगदी शेवटच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांच्या जटा झाल्या होत्या. कुशीवर जखम होती, कारण कुणी कूस बदलून दिली नव्हती. जखमेला मुंग्या लागल्या होत्या. आयुष्यभर त्या बाईनं वारुळं फोडून मुंग्या खाल्ल्या होत्या.

“कोण? मंजी का गं?” म्हाळसाबाई म्हणाली. “तू कशाला आलीस उन्हाची?”

मंजुळेनं पोळ्याचा तुकडा आईच्या तोंडाशी धरला. म्हातारीनं तो हुंगला आणि बाजूला सारला.

“गोड नको. तिकडं पाणी आहे ना, ते जरा आण.”

मंजुळेनं दारापाशी जाऊन भोपळा आणला. म्हातारी प्यायली, थांबून श्वास घेतला, पुन्हा प्यायली. मंजुळेला रडू आलं नाही. तिला राग आला. राग आलेला बरा असतो मुलांनो, त्यात हात चालतात. तिनं मुंग्या वेचल्या, जखम धुतली, जटा सोडवल्या. आई सगळा वेळ सांगत होती, की इथं सगळं छान आहे, माणसं चांगली आहेत आणि यातलं केशवला काही सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.

पाणी इतक्या लांब का ठेवता, असं मंजुळेनं घोरपडबाईंना विचारलं. घोरपडबाई भिंतीवरूनच म्हणाल्या, की तशा सूचना आहेत. सूचना कुणाच्या, असं विचारल्यावर त्यांनी डोळे मिटले.

मंजुळेनं ओळखलं, की असंच चाललं तर आई हा उन्हाळा काढणार नाही. ती तडक तक्रार करायला गेली.

तुम्हाला वाटेल, जंगलात तक्रार कुठं करणार. असं नाही. सोय होती. अशा कामासाठी जंगलानं एक समिती नेमली होती आणि तिचे अध्यक्ष गिधाड अण्णा होते. म्हाताऱ्या जनावरांविषयी अण्णांना पहिल्यापासून आस्था होती. त्यांच्याइतक्या बारकाईनं म्हाताऱ्या जनावरांकडे दुसरं कुणी बघत नसे, आणि म्हणून निवड बिनविरोध झाली होती.

अण्णांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली. जखम किती खोल आहे, वास येतो का, हे पुन्हा पुन्हा विचारलं. मग म्हणाले, की आपण अचानक पाहणी करू. कधी करू ते भारद्वाजांना कळवून ठेवतो.

पाहणीच्या दिवशी ढोली ओळखू येत नव्हती. जमीन सारवली होती. प्रत्येकाच्या उशाशी पाणी आणि जास्वंदीचं फूल होतं. घोरपडबाई भिंतीवरून खाली उतरल्या होत्या, हे पाहून म्हातारी जनावरं घाबरून गेली. आंधळ्या भेकराला दाराशी बसवून स्वागतगीत म्हणायला लावलं होतं. अण्णा प्रत्येकापाशी थांबले, वाकून बघितलं, कुणाची काही तक्रार आहे का म्हणून विचारलं. कुणाची नव्हती. त्यांच्याकडे वर बघितल्यावर कुणाचीच नसते.

म्हाळसाबाईपाशी मात्र अण्णा बराच वेळ थांबले. “छान,” ते म्हणाले. “अजून थोडे दिवस.”

तरीही मंजुळा हटेना. मग सुनावणी ठेवावी लागली. ती ढोलीतच झाली, म्हाळसाबाईच्या समोर. केशवलाही बोलावणं गेलं. तो कुरकुरत आला, दाराशी सरांना हात जोडले आणि मग आत आला. त्याला बहिणीचा राग आला होता. चांगलं चाललेलं असताना हिनं घरातली गोष्ट चारचौघांत आणली, असं तो वाटेत भेटेल त्याला सांगत आला होता.

मंजुळेनं सगळं सांगितलं. कोपरा, अंधार, लांब ठेवलेलं पाणी, कुणी बोलत नाही, कुणी कूस बदलत नाही. अण्णांनी भारद्वाज सरांना विचारलं, की यावर आपलं म्हणणं काय.

सर अजिबात गडबडले नाहीत. ते केशवकडे वळले आणि अतिशय आदरानं म्हणाले, “केशवराव, मातोश्री घरी कुठं झोपायच्या?”

“आतल्या बाजूला,” केशव म्हणाला.

“म्हणजे कोपऱ्यात. उजेड?”

“दाराशी पिल्लं खेळतात. त्यांना उजेड लागतो.”

“बरोबर. आणि पाणी?”

केशवनं कुसुमकडे बघायला मान वळवली, पण कुसुम आली नव्हती. “दाराशी,” तो म्हणाला. “आतली जमीन ओली होते म्हणून.”

“त्यांनी हाक मारली तर कोण जायचं?”

प्रत्येकाला वाटे की दुसरं कुणीतरी जाईल. हे केशवनं सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना ऐकू आलं. कारण तिथं पडलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या जनावराच्या घरी तसंच होतं.

सर समितीकडे वळले. म्हणाले, की आपण पहिल्या दिवशीच शब्द दिला होता, अगदी घरच्यासारखी काळजी घेऊ. त्यासाठी घरची माहिती बारकाईनं विचारून घेतली होती. त्यात आपण कुठं कमी पडलो ते दाखवून द्यावं. घरी त्या कोपऱ्यात होत्या, इथंही कोपऱ्यात आहेत. घरी पाणी दाराशी होतं, इथंही दाराशी आहे.

“उलट एक सोय आम्ही जास्त दिली,” सर म्हणाले. “तिथं आपलेच दुर्लक्ष करायचे. इथं परके करतात. तेवढाच मनाला त्रास कमी.”

म्हाळसाबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. माझंही मन इथं जरा कचरतं मुलांनो, कारण सरांचं म्हणणं खोडून काढायला त्या वेळी मला काही सुचलं नाही, आणि आजही सुचत नाही.

समितीनं निकाल दिला. भारद्वाज सरांनी दिलेला शब्द तंतोतंत पाळला होता. त्यांना सुपारी आणि नारळ देऊन त्यांचा सत्कार करावा, असंही ठरलं. केशवच्या जिवात जीव आला. कुणाचीच चूक नाही म्हटल्यावर आपलीही नाही, असा त्यानं अर्थ काढला. तो सरांशी दोन शब्द चांगले बोलला.

मंजुळा म्हणाली, “ठीक आहे. मी आईला माझ्याकडे नेते.”

आता गंमत बघा. इतका वेळ ज्यांना म्हाळसाबाई कुठं पडली आहे याचं काही नव्हतं, त्या सगळ्यांना ती कुठं पडावी याविषयी एकाएकी मत आलं. अस्वलांमध्ये एक जुनी रीत होती. जावयाच्या दारी राहायचं नाही आणि लेकीच्या घरचं पाणीसुद्धा तोंडात घ्यायचं नाही. केशव म्हणाला, की लोक काय म्हणतील. अण्णा म्हणाले, की परंपरा जपल्या पाहिजेत. भारद्वाज सर म्हणाले, की रीत मोडणं अशुभ असतं, आणि ते शुभाशुभातले जाणकार होते.

मंजुळेनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती आईकडे बघत होती, कारण खरी अडचण तिथं होती.

“कशी येऊ गं?” म्हाळसाबाई म्हणाली. “लेकीच्या घरचं पाणी कसं चालेल? माझ्या आईनं नाही घेतलं, तिच्या आईनं नाही घेतलं. मरताना मी पाप करू का?”

म्हातारी तहानेनं मरायला तयार होती, पण रीत मोडायला तयार नव्हती. मंजुळा खाली बसली. बराच वेळ तिनं आईचा पंजा हातात धरला. मग ती म्हणाली, “आई, माझी पाठवणी करताना तू काय म्हणालीस? आता तू तिकडची झालीस, इथली राहिली नाहीस.”

“म्हणाले होते. सगळ्याच म्हणतात.”

“मग मी तुझी कुठं राहिले? मी परकीच झाले. या घोरपडबाई परक्या आहेत, त्यांच्या हातचं पाणी तू घेतेस.”

“देतात तेव्हा घेते,” म्हाळसाबाई प्रामाणिकपणे म्हणाली.

“तर मग मला लेक म्हणू नकोस. परकी म्हण. तू माझ्याकडे राहायला येत नाहीस. तू पाहुणी म्हणून येते आहेस.”

म्हातारीनं विचार केला. घोरपडबाईंकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं. रीतीत पाहुणीला बंदी नव्हती. पाहुणीनं किती दिवस राहावं, हेही रीतीत कुठं म्हटलेलं नव्हतं. अण्णांनी आठवून आठवून बघितलं, पण त्यांना अडवायला काही सापडलं नाही. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी आशा धरली होती.

अस्वलं पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडतात. आईला पाठीवर घेतलेलं मात्र त्या जंगलानं कधी बघितलं नव्हतं. मंजुळा निघाली तेव्हा वाटेवरची जनावरं तोंड फिरवून उभी राहिली. आई पाठीवरून सगळा वेळ बोलत होती. हळू चाल, इथं दगड आहे, तुझी चाल पहिल्यापासूनच वाईट. नदीला पाणी कमी होतं. त्या पार झाल्या.

घरी पोचल्यावर मंजुळेनं आधी नवऱ्याला आणि पिल्लांना बाहेर बोलावलं आणि बजावून सांगितलं, की घरात पाहुणी आली आहे. ही आजी नाही, सासूबाई नाही, आई तर नाहीच नाही. या म्हाळसाबाई आहेत. लांबून आल्या आहेत.

आणि मुलांनो, जे व्हायचं तेच झालं. पाहुणी आल्याबरोबर तिला पाणी मिळालं. मागावं लागलं नाही. पाहुण्याला कुणी कोपऱ्यात बसवत नाही, म्हणून तिला गुहेच्या तोंडाशी, वाऱ्याची जागा मिळाली. जेवताना पहिलं वाढणं तिला. आणखी घ्या, लाजू नका, एवढंसंच काय खाताय, असं तिला दोन्ही वेळा ऐकायला मिळालं. घरात असताना ती खोकली की कुसुम उसासा टाकायची. इथं ती खोकली की जावई उठून विचारायचा, की घसा खवखवतोय का, मध चाटवू का.

ती तिच्या तरुणपणीच्या गोष्टी सांगायची. पाहुण्याच्या गोष्टी ऐकाव्या लागतात, मध्येच उठून जाता येत नाही. एखादी गोष्ट पुन्हा सांगितली तरी ‘मघाशीच सांगितलंस’ असं पाहुण्याला म्हणता येत नाही. पिल्लं डोळे मोठे करून ऐकायची. मग त्यांना खरंच आवडायला लागलं. पाहुणीच्या अंगाला वास येऊ देणं बरं दिसत नाही, म्हणून रोज तिची जखम धुतली जायची आणि केस विंचरले जायचे. तिची कूस बदलायची वेळ झाली की मंजुळा अदबीनं म्हणायची, “म्हाळसाबाई, जरा या अंगावर होता का? इकडून डोंगर छान दिसतो.”

“होते हो,” म्हाळसाबाई म्हणायची. “तुमचा डोंगर फारच छान आहे.”

जखम भरली. म्हातारीनं उन्हाळा काढला, पावसाळाही काढला. थोडी चढेलसुद्धा झाली. करवंदं जरा आंबट आहेत हो, असं म्हणू लागली.

मध्ये एकदा केशव येऊन गेला. आई वाऱ्याला बसून वाळवी खाते आहे, अंग भरलं आहे, हे बघून त्याला खरोखर आनंद झाला. तो वाईट नव्हता मुलांनो. वाईट असता तर त्यानं आईला वाघाच्या वाटेवर नेऊन सोडलं असतं आणि ही गोष्ट इतकी लांबली नसती, वाघानंच मिटवली असती. म्हाळसाबाई त्याला म्हणाली, “या केशवराव. बसा. पाणी घ्या.” तो बसला, पाणी प्यायला आणि समाधानानं चहूकडे बघत म्हणाला, की आईला किती छान ठेवलंय, अगदी घरच्यासारखं.

मंजुळेनं त्याला शब्द मागे घ्यायला लावला. असलं काही आमच्याकडे बोलत नाहीत, असं ती म्हणाली. केशवला त्यात रागावण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

थंडी पडायला लागली तशी म्हाळसाबाई उतरत गेली. खाणं कमी झालं. गोष्टी अर्ध्यावर राहू लागल्या. एका सकाळी ऊन गुहेत आलं होतं, पिल्लं बाहेर खेळत होती. मंजुळा तिच्यापाशी बसली होती. म्हातारीनं डोळे उघडले.

“मंजे, पाणी दे,” ती म्हणाली.

मंजुळा भोपळा उचलून तशीच थांबली. इतक्या महिन्यांत म्हातारीनं तिला नावानं हाक मारली नव्हती. ‘अहो बाई, जरा पाणी मिळेल का’ असंच मागितलं होतं. मंजुळेला वाटलं, आईला विसर पडला. आता हे पाणी दिलं तर ते लेकीनं दिल्यासारखं होईल आणि मग तिची रीत मोडेल. तिनं हळूच म्हटलं, “म्हाळसाबाई, मी परकी आहे ना?”

“पुरे झालं गं ते,” म्हातारी म्हणाली. “आईला पाणी द्यायला एवढा वेळ लावतात का? दे.”

मंजुळेनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं. म्हातारी सगळं प्यायली. त्यानंतर ती थोड्याच वेळात गेली. मंजुळा तेव्हा रडली, मोकळी होऊन, पिल्लं धावत येईपर्यंत रडत होती.

केशवनं आईच्या स्मरणार्थ ‘मायेची ढोली’ला एक दगडी बाक दिला. तो दाराबाहेर ठेवला आहे. भेटायला येणाऱ्यांना आता भारद्वाज बसून बघता येतो.

तात्पर्य: मुलांनो, म्हाताऱ्या आईवडिलांना कधीही आपलं समजू नये. आपलं समजलं की त्यांची आबाळ सुरू होते. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटतो आहोत असं वागावं आणि आल्याबरोबर पाणी द्यावं. एवढं जमत नसेल तर वाघाला पत्र लिहावं. तो पूर्वी फार चांगली चौकशी करत असे.